सिव्हिलायझेशन ६ ला कोणतं एक्सपान्शन जोडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला आम्ही काही जण दर रविवारी दुपारी पाळीपाळीने खेळायचे स्ट्रॅटेजी गेम खेळायला जमतो. मिरजेहून, तासगावहून, कधी कराड-साताऱ्याहूनही कोणी येतं. नवीन आलेला माणूस पहिल्या महिन्यात हमखास एकच विचारतो, "कुठलं एक्सपान्शन घेऊ?" तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त खेळला जातो तो सिव्हिलायझेशन ६ (थोडक्यात सिव्ह ६), शहरं वसवून आपला देश वाढवायचा कॉम्प्युटर गेम, त्यामुळे बहुतेक उत्तरं त्याचीच आहेत. बाकीच्या गेमबद्दल शेवटी थोडं आहे.

एक्सपान्शन आणि साधं डीएलसी (गेमला वेगळी विकत घेऊन जोडायची छोटी भर) यांत फरक काय? दुकानात तर सगळं एकाच यादीत दिसतं.

यादी एक असली तरी माल दोन प्रकारचा आहे. काही पॅकमध्ये फक्त नवे देश आणि नवे लीडर असतात. म्हणजे मांडावर नवी माणसं बसतात, पण डाव तोच राहतो. एक्सपान्शन डावच बदलतं. शहर हातातून कसं जातं, युद्धाची बदनामी कशी मोजली जाते, नदी काय करते, जिंकायचे मार्ग किती, हे सगळं त्यात बदलतं.

सिव्ह ६ मूळ आला ऑक्टोबर २०१६ मध्ये. त्याची खरी एक्सपान्शन दोनच आहेत: फेब्रुवारी २०१८ चं राइज अँड फॉल आणि १४ फेब्रुवारी २०१९ चं गॅदरिंग स्टॉर्म. २०२०-२१ मध्ये आलेला न्यू फ्रंटियर पास साधं डीएलसी आणि एक्सपान्शन यांच्या मधला आहे. त्यात देश आहेत आणि हवे तेव्हा लावता-काढता येणारे खेळाचे मोड आहेत. त्यानंतरचा लीडर पास म्हणजे निव्वळ माणसं.

पैसे मोजण्याआधी एवढं एकच बघा की या पॅकने कुठला नियम बदलतो. उत्तर "एकही नाही" असेल, तर ती खरेदी पुढच्या वर्षी केली तरी काही बिघडत नाही.

सुरुवातीलाच सगळं एकदम घेतलं तर? सेलमध्ये पूर्ण संच स्वस्त पडतो.

घ्यायला हरकत नाही, पण चालू करू नका. सेलमध्ये संच खरोखरच सुटं घेण्यापेक्षा स्वस्त मिळतो. प्लॅटिनम एडिशनमध्ये दोन्ही एक्सपान्शन आणि सुरुवातीचे छोटे पॅक येतात, अँथॉलॉजीमध्ये न्यू फ्रंटियरसकट सगळं. घेतलं तरी नवा डाव मांडताना रूलसेट, म्हणजे नियमांचा संच, म्हणून एक पर्याय येतो, तिथे स्टँडर्ड निवडा आणि निदान दोन डाव शेवटपर्यंत खेळा.

असं का म्हणतो? आमच्याकडे एक अकरावीतला मुलगा आला होता. हुशार, बुद्धिबळ चांगला खेळणारा. त्याने पहिल्याच दिवशी सगळं चालू करून डाव मांडला. तिसाव्या टर्नपर्यंत त्याला गव्हर्नर नेमायचा होता, युगाचे गुण सांभाळायचे होते, गुप्त संघटनेत जायचं की नाही ते ठरवायचं होतं आणि नदीला पूर आला होता. शहराच्या शेजारी कॅम्पस, म्हणजे विज्ञानाचा विभाग, कुठे बसवला तर जास्त फायदा, ही या खेळाची पहिली गोड गोष्ट त्याच्या नजरेलाच पडली नाही. दोन रविवार आला आणि यायचा थांबला. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण चूक आमची होती. आम्ही त्याला थांबवायला हवं होतं.

बेस गेम, म्हणजे एक्सपान्शन न लावलेला मूळ गेम, किती खेळला म्हणजे पुरे?

तासांवर जाऊ नका. तक्रार कुठली होते आहे ते बघा. बेस गेममध्ये काही डाव झाले की माणूस आपसूक कुरकुरायला लागतो. त्या कुरकुरीतच उत्तर असतं.

"शंभर टर्ननंतर नुसतं नेक्स्ट टर्न दाबत बसावं लागतं", "कॉम्प्युटर माझ्या राजधानीच्या कुशीत येऊन शहर वसवतो आणि मला काही करता येत नाही" अशी तक्रार असेल तर तुम्हाला राइज अँड फॉलचे नियम हवे आहेत. "नकाशा नुसता रंगवलेला वाटतो, जमीन काही बोलत नाही", "शेवटची शंभर टर्न मेलेली असतात", "लढाई न करता आणि देऊळ-मठ न बांधता वाटाघाटीने जिंकता येत नाही" अशी असेल तर गॅदरिंग स्टॉर्म. तक्रारच नसेल तर बेस गेमच खेळत राहा. त्यात कमीपणा काही नाही.

एकच घ्यायचं असेल तर राइज अँड फॉल की गॅदरिंग स्टॉर्म?

गॅदरिंग स्टॉर्म.

याचं व्यवहारी कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. राइज अँड फॉलमध्ये आलेले मुख्य नियम, म्हणजे लॉयल्टी (शहरांची निष्ठा), गव्हर्नर, सुवर्णयुग-अंधारयुग, पाच प्रकारचे मैत्रीकरार, हे सगळं गॅदरिंग स्टॉर्ममध्ये आधीच आहे. पहिलं न घेता दुसरं घेतलं तरी नियमांच्या बाबतीत तुमचं नुकसान होत नाही. मिळत नाहीत ते फक्त पहिल्याचे देश आणि लीडर. उलट्या बाजूने मात्र असं नाही. फक्त राइज अँड फॉल घेतलं तर पूर, दुष्काळ, वीज, जागतिक परिषद यांतलं काहीच मिळत नाही.

सिव्ह ५ मध्येही हाच प्रकार होता. २०१२ च्या गॉड्स अँड किंग्जने धर्म आणि हेरगिरी आणली, २०१३ च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्डने व्यापारी मार्ग, पर्यटन आणि विचारसरणी आणली, आणि धर्म-हेरगिरीचे नियम त्या दुसऱ्यातही होतेच. या मालिकेत नंतरचं एक्सपान्शन आधीच्याचे नियम पोटात घेऊन येतं, हे लक्षात असलं की गोंधळ कमी होतो.

पूर, दुष्काळ वगैरे खरंच खेळात फरक पाडतात, की नुसता देखावा?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सांगलीत बसून याचं उत्तर देणं आणि दुसरीकडे बसून देणं यांत फरक आहे.

गॅदरिंग स्टॉर्म आलं ते २०१९ च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, म्हणजे काय झालं ते सांगलीकराला समजावून सांगायला नको. माझं तेव्हाचं घर मारुती चौकाच्या बाजूला होतं. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरचा कॉम्प्युटर मी उचलला तेव्हा त्याच्या पेटीतून गाळ ओघळला. पुढे कित्येक महिने गेम नव्हताच. नंतर नव्या मशिनवर पहिला डाव मांडला तो याच एक्सपान्शनचा. शहर वसवायला मी सवयीने नदीकाठच्या पूरमैदानावर कर्सर नेला आणि तिथे हात थबकला.

एक्सपान्शनने बदललेला नियम तो हाच. बेस गेममध्ये पूरमैदान म्हणजे डोळे झाकून घ्यायची जागा. गॅदरिंग स्टॉर्ममध्ये तीच जागा देते आणि घेतेही. पूर आला की शेतं उद्ध्वस्त होतात, लोकसंख्या घटते, मोठ्या पुरात बांधलेले विभागही मोडतात. पण पाणी ओसरल्यावर नकाशावरच्या काही षटकोनांवर अन्न किंवा उत्पादन कायमचं वाढलेलं असतं. गाळाची जमीन. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. मळीची जमीन सोडवत नाही आणि पाणी तर येणारच, अशा पेचात इथल्या पिढ्या गेल्या आहेत. आणि गंमत बघा, खेळातली साखर, म्हणजे उसाचा षटकोन, सापडतो तोही पूरमैदानात आणि दलदलीतच.

मग तुमच्यापुढे खरे निर्णय येतात. मातीची भांडी घडवण्याची कला आली की ग्रेट बाथ बांधता येतं, मोहेंजोदडोच्या महास्नानगृहावर बेतलेलं. ते पूरमैदानावरच बसतं आणि त्या नदीच्या पुराचं नुकसान कमी करतं. ते जगात एकदाच बांधता येतं, त्यामुळे शर्यत लागते. धरण मात्र बट्रेस नावाचं तंत्रज्ञान आल्यावर, म्हणजे बरंच उशिरा मिळतं. तोवर काय करायचं? काठ सोडून टेकाडावर बसायचं, की पूर सोसत शहर वाढवायचं? आमच्या गटात यावर दोन तट आहेत आणि दोघेही जिंकलेले आहेत.

धरणातच पुढे जलविद्युत केंद्र बसवता येतं आणि शहराला वीज मिळते. कोयनेचं पाणी आणि कोयनेची वीज यांचा हिशेब पेपरात वाचत वाढलेल्या सातारकराला हा भाग शिकवावा लागत नाही. वीज कोळशावरही करता येते, पण मग हवेत कार्बन साठतो, समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरचे सखल षटकोन बुडतात. कोळसा जाळणारा एक आणि बुडणारा भलताच, असं होऊ लागलं की टेबलावर आवाज चढतात. शेवटची शंभर टर्न मेलेली वाटतात, या तक्रारीवर हेच औषध आहे.

आणि दुष्काळ. सांगली-साताऱ्याचं वैशिष्ट्यच हे की एका तालुक्यात बोटी काढायची वेळ येते तेव्हा जत, आटपाडी, माण, खटावमध्ये टँकरची वाट बघतात. खेळात दुष्काळ आला की शेतांचं अन्न घटतं. भारताकडे बेस गेमपासूनच स्टेपवेल, म्हणजे आपली बारव आहे. बेस गेममध्ये ती अन्न आणि घरांची सोय देते. या एक्सपान्शनमध्ये दुष्काळात अन्नाची तूट होऊ न देण्याचं कामही तिच्याकडे आलं. लिंबची बारा मोटांची विहीर ज्याने पाहिली आहे, त्याला त्या चित्राकडे बघून बरं वाटेल. मला तरी वाटतं.

आपत्तींची तीव्रता डाव मांडताना ० ते ४ पर्यंत ठरवता येते, आपसूक २ असते. पहिल्या डावाला १ ठेवा. २०१९ किंवा २००५ ज्यांनी जवळून सोसलं आहे आणि ज्यांना करमणुकीत ते नकोच आहे, त्यांनी ० ठेवावं. आमच्याकडे एक जण कायम ० वरच खेळतो आणि त्याला कोणी कारण विचारत नाही.

मग राइज अँड फॉल कधीच घ्यायचं नाही का?

घ्या, पण दुसऱ्या नंबरावर, आणि तेही त्यातले देश आवडले तर. त्यात मंगोलिया, कोरिया, झुलू, नेदरलँड्स, स्कॉटलंड, जॉर्जिया, क्री आणि मापुचे असे आठ देश आहेत. शिवाय भारताला दुसरा लीडर मिळतो, चंद्रगुप्त मौर्य. बेस गेममधल्या गांधींपेक्षा त्याची चाल पूर्ण वेगळी आहे. तो प्रदेशविस्ताराचं युद्ध लवकर पुकारू शकतो आणि पहिली दहा टर्न त्याचं सैन्य जोरात पळतं आणि जोरात लढतं. शेजाऱ्याशी हिशेब चुकता करायची आवड असेल तर हा लीडर तुमचा.

लॉयल्टीचं गणित कागदावर मांडून दाखवतो, म्हणजे हा नियम किती कडक आहे ते कळेल. प्रत्येक शहराची निष्ठा १०० पर्यंत असते. नऊ षटकोनांच्या आतली लोकवस्ती तिला आपापल्या बाजूला ओढते, जवळची जास्त आणि लांबची कमी. आमच्यातल्या एकाने चंद्रगुप्त घेऊन कोरियाच्या दोन भरलेल्या शहरांच्या मधोमध एक शहर वसवलं, कारण तिथे लोखंड होतं. आकडा दिसला: दर टर्नला उणे १८. म्हणजे सहाव्या टर्नला शहर स्वतंत्र. त्याने घाईने गव्हर्नर पाठवला. गव्हर्नर अधिक ८ देतो, तरी उणे १० उरलेच. दहा टर्न मिळाली. त्या दहात कोरियाचं एक शहर घेता आलं असतं तर ओढ उलटी फिरली असती. नाही घेता आलं, आणि लोखंड गेलं. बेस गेममध्ये ते शहर शेवटपर्यंत तिथेच बसून राहिलं असतं.

गव्हर्नर सात आहेत आणि त्यांत एकाचं नाव पिंगल आहे, छंदशास्त्रवाल्या पिंगलाचं. शाळेत लघु-गुरू मोजलेल्या माणसाला हे नाव परक्या खेळात सापडतं तेव्हा छान वाटतं. विज्ञानाच्या वाटेने जिंकायचं असेल तर राजधानीत पहिला त्यालाच बसवा.

न्यू फ्रंटियर पास घ्यावा का?

दोन एक्सपान्शन पचल्यावर. यातले बरेच देश जबरदस्त आहेत, पण काहींनी तोल जातो. बॅबिलॉनच्या हम्मुराबीला युरेका (ठरलेलं काम केल्यावर तंत्रज्ञानात मिळणारी सूट) मिळाला की अख्खं तंत्रज्ञान हातात येतं, बदल्यात त्याचं रोजचं विज्ञान निम्मं असतं. पाठांतर पक्कं असलेल्याच्या हातात हा लीडर गेला तर बाकी तिघे भाल्यांवर असताना त्याच्या बंदुका निघतात. नवख्यांच्या टेबलावर बॅबिलॉन बंद ठेवा.

मोडपैकी सीक्रेट सोसायटीज आमच्याकडे कायम चालू असतो. चार संघटनांपैकी एक निवडायची असते आणि त्यामुळे एकाच देशाचे डाव वेगवेगळे होतात. त्याला दोनपैकी एक एक्सपान्शन लागतंच. अपोकॅलिप्स मोडला गॅदरिंग स्टॉर्म लागतं. पास आधी घेऊन एक्सपान्शन नंतर घेणाऱ्यांची इथे फसगत होते, ती अशी.

मोनोपोलीज अँड कॉर्पोरेशन्स साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला वाचताक्षणी आवडतो: एकाच चैनीच्या वस्तूचे षटकोन जमवा, उद्योग काढा, मग कंपनी काढा. दोन-तीन डाव मजा येते. पण एकाने मक्तेदारी जमवली की पर्यटनाने जिंकणं फार सोपं होतं आणि बाकीच्यांनी काय खेळायचं हा प्रश्न उरतो. एकट्याने खेळायला ठीक, चौघांत नको.

हीरोज अँड लेजेंड्समध्ये बारा वीर आहेत, हर्क्युलिसपासून सन वूकाँगपर्यंत. मुलं खूश होतात. झॉम्बी मोड आम्ही एकदा लावला, पुन्हा नाही.

लीडर पास?

नियम एकही बदलत नाही. अँथॉलॉजी घेतली असेल तर तो तुमच्याकडे आहेच. नसेल तर राहू द्या.

कुठल्या एक्सपान्शनमध्ये मराठे आहेत?

सिव्ह ६ च्या कुठल्याच नाही. हा प्रश्न साताऱ्याहून येणारा प्रत्येक जण विचारतो आणि विचारणारच. शाहू महाराजांची राजधानी ज्या गावात होती, तिथल्या पोराने हे नाही विचारायचं तर कोणी? खेळाडूंनी बनवलेले मराठ्यांचे मॉड मिळतात आणि काही मेहनतीने केलेले आहेत. पण मॉड एक्सपान्शनच्या रूलसेटशी जुळणारा आहे का ते त्याच्या माहितीत आधी वाचा, नाहीतर डाव उघडतच नाही. अधिकृतपणे मराठे खेळायचे असतील तर युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये ते आहेत, पण तो पाळीपाळीने खेळायचा गेम नव्हे. तिथे घड्याळ चालू असतं, तुम्ही फक्त ते थांबवू शकता.

तोवर मी चंद्रगुप्त घेऊन शहरांची नावं बदलतो. राजधानी सातारा, दुसरं शहर सांगली, आणि डोंगरातलं प्रत्येक ठाणं अजिंक्यतारा.

आम्ही चौघे एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने खेळतो. चौघांनी एक्सपान्शन घ्यायला हवं का?

नाही. हॉटसीटला एकच प्रत पुरते आणि कॉलेजच्या पोरांसाठी हीच सगळ्यात स्वस्त सोय आहे. चौघांनी वर्गणी काढा, पण ज्याच्या खात्यावर घ्याल तोच पुढे मालक, हे आधी बोलून ठेवा.

एक्सपान्शन निवडताना मात्र वेळेचा हिशेब करा. डावाचा वेग 'ऑनलाइन' ठेवला तर डाव २५० टर्नचा असतो, 'स्टँडर्ड' ठेवला तर ५०० चा. बेस गेममध्ये एकेकाला टर्नला सरासरी दीड मिनिट लागलं, तर चौघांची फेरी सहा मिनिटांची. दुपारी दोन ते सहा म्हणजे चाळीस फेऱ्या. २५० टर्नचा डाव सहा रविवारांत संपत येतो. गॅदरिंग स्टॉर्म लावलं आणि प्रत्येकाला दोन मिनिटं लागायला लागली की फेरी आठ मिनिटांची, रविवारी तीस फेऱ्या, आणि तोच डाव आठ रविवारांच्या पुढे जातो. जागतिक परिषद भरली की अजून वेळ, कारण मतं द्यायच्या आधी सौदे होतात. परीक्षा तोंडावर असेल, कोणाच्या घरी लग्न निघालं असेल, तर एक्सपान्शन न लावता खेळा. अर्धवट सुटलेल्या डावाची हुरहुर वाईट असते.

मी सांगलीत, मित्र कराडला, ऑनलाइन खेळायचं आहे. त्याच्याकडे एक्सपान्शन नाही.

मग एक्सपान्शनचे नियम लावून डाव होणार नाही. सगळ्यांकडे जे आहे त्याच रूलसेटवर खेळावं लागेल. म्हणून एकट्याने घेण्याआधी गटात विचारा. आमच्याकडे एका दिवाळीला तिघांनी राइज अँड फॉल घेतलं आणि दोघांनी गॅदरिंग स्टॉर्म, न बोलता. सहा महिने पाचही जण स्टँडर्डच खेळले.

माझ्याकडे बेस गेम आहे, पण एक्सपान्शन घेतलं तर ते त्यात दिसतच नाही.

बहुधा दुकान वेगळं आहे. मे २०२० मध्ये, पहिल्या लॉकडाउनमध्ये, एपिक गेम्स स्टोअरवर सिव्ह ६ आठवडाभर फुकट होता. आपल्याकडच्या कितीतरी जणांचा खेळ तिथूनच सुरू झाला. पुढे सेल बघून त्यांनी एक्सपान्शन स्टीमवरून घेतलं. ते जुळत नाही. बेस गेम ज्या दुकानातला, एक्सपान्शन त्याच दुकानातलं लागतं. फोनवरचा सिव्ह ६ तर आणखी वेगळा, त्याची खरेदी कॉम्प्युटरवर चालत नाही.

स्टीमवरची खरेदी चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परत करता येते. एक्सपान्शनसाठी ते दोन तास घेतल्यानंतर बेस गेम किती खेळलात त्यावर मोजतात. म्हणजे चूक कळली की आधी गेम बंद करा आणि मग परताव्याचा अर्ज भरा. "बघू अजून दिसतंय का" म्हणत तीन तास खेळत बसू नका.

माझा लॅपटॉप जुना आहे. एक्सपान्शनने अजून हळू होईल का?

हो, विशेषतः मोठ्या नकाशावर आणि डावाच्या शेवटी, कॉम्प्युटरच्या टर्नला. नकाशा लहान घ्या, देश सहाच ठेवा. तरी जमत नसेल तर सिव्ह ५ दोन्ही एक्सपान्शनसकट घ्या. तो २०१० चा आहे, कमी ताकदीच्या मशिनवर नीट चालतो आणि ब्रेव्ह न्यू वर्ल्ड लावलेला सिव्ह ५ आजही उत्तम खेळ आहे. लाइट वारंवार जात असेल तर सेटिंगमध्ये ऑटोसेव्ह किती टर्नने व्हावं ते कमी करून घ्या.

मुलगा म्हणतो अजून एक पॅक हवा. गेम तर आधीच घेतला आहे. हे कधी थांबणार?

हा प्रश्न आई-वडिलांचा असतो आणि रास्त असतो. काका, काकू, त्याला एवढंच विचारा की आत्ताच्या गेममध्ये तुला काय कमी पडतंय. "माझं शहर शेजारी घेतो आणि मला अडवता येत नाही" असं काही नेमकं सांगितलं, तर तो खेळतोय आणि विचार करतोय, घेऊन द्यायला हरकत नाही. "सगळ्यांकडे आहे" म्हणाला तर पुढच्या सेलपर्यंत थांबवा. जूनच्या अखेरीस आणि डिसेंबरात मोठे सेल असतात, थांबल्याने पैसे वाचतातच.

सिव्ह सोडून दुसऱ्या गेमचं काय?

एक्सकॉम २, म्हणजे एलियनशी लढायचा गेम, असेल तर २०१७ चं वॉर ऑफ द चोझन घ्या, दुसरा विचारच करू नका. छोटे पॅक पहिल्या खेळीत बंद ठेवा. त्यातले खास एलियन लवकर आले तर कमावलेली पलटण एका मोहिमेत गारद होते.

हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ ज्यांनी सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळला, त्यांच्यासाठी एक सूचना. २०१५ ची एचडी आवृत्ती दिसायला चकचकीत आहे, पण तिच्यात आर्मगेडन्स ब्लेड आणि शॅडो ऑफ डेथ ही दोन्ही एक्सपान्शन नाहीत. नंतर जोडूनही मिळत नाहीत. जुनी कम्प्लीट आवृत्तीच घ्या.

पैसेच खर्चायचे नसतील तर बॅटल फॉर वेस्नॉथ. २००३ पासूनचा, मुक्त आणि फुकट. नव्या मोहिमा गेममधूनच उतरवून घेता येतात, त्याही फुकट. आमच्या गटातल्या दोघांची सुरुवात तिथूनच झाली आणि त्यांची लढाई आमच्यात सगळ्यात पक्की आहे.

डाव अर्धा झाला आहे. आता एक्सपान्शन घेतलं तर चालू सेव्हला लागेल का?

लागणार नाही. ज्या रूलसेटवर डाव मांडला त्यावरच तो संपतो. नवे नियम नव्या डावालाच लागतात. उलटंही आहे: एक्सपान्शन बंद केलं तर त्याच्यावरचा जुना सेव्ह उघडत नाही, पुन्हा चालू केलं की उघडतो. तेव्हा चालू डाव आधी संपवा. आमचा आत्ताचा डाव १८० व्या टर्नला आहे, वरच्या अंगाला धरण बांधून झालं आहे आणि खालच्या अंगाचं शहर दुसऱ्या खेळाडूचं आहे. या रविवारी दोन वाजता पुढची टर्न त्याची.